परगावाहून इंजिन मागवताना भाडे कुठे वाचवावे आणि कुठे वाचवू नये

अहमदपूरच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे. त्यांच्या डिझेल स्विफ्टच्या इंजिनाचा ब्लॉक कामातून गेला असून, त्याच १,२४८ सीसीचे वापरलेले इंजिन दिल्लीच्या मायापुरी बाजारात साठ हजार रुपयांना ठरले आहे. एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीने घरपोच भाडे बरेच सांगितले, ओळखीच्या ट्रकवाल्याने त्याच्या निम्मे सांगितले आणि गावातल्या एकाने खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून टप्प्याटप्प्याने आणण्याचा सल्ला दिला. इंजिन कोणाकडून आणावे, ते कसे बांधून घ्यावे आणि वाटेत काही फुटले तर भरपाई कोणाकडे मागावी, असे त्यांनी विचारले आहे.

लातूर आणि नांदेडच्या गॅरेजांसाठी बाहेरून इंजिने मागवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, त्या आधारावर आधी थोडक्यात उत्तर देतो. इंजिन दिल्लीतच लोखंडी फ्रेमवर बांधून घ्यावे, पार्ट लोडने (इतरांच्या मालासोबत, ट्रकची हवी तेवढीच जागा घेऊन) नांदेडच्या गोडाऊनपर्यंत मागवावे आणि तिथून अहमदपूरपर्यंतचे साठ-सत्तर किलोमीटर आपण स्वतः गाडी करून न्यावे. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याने माल घेतल्याच्या पावतीवर) खरी किंमत लिहावी आणि प्रवासाचा विमा घ्यावा. भाड्याच्या दरात घासाघीस करून जे वाचते, त्यापेक्षा नगाचा आकार आटोपशीर ठेवल्याने आणि घरपोचचा शेवटचा टप्पा आपल्या हाती घेतल्याने अधिक वाचते. बांधणी आणि चढ-उतार यांवर मात्र हात आखडता घेऊ नये.

इंजिनाचे नुकसान धावत्या ट्रकमध्ये क्वचितच होते. ते होते चढवताना, उतरवताना आणि एका ट्रकमधून दुसऱ्या ट्रकमध्ये पलटी करताना. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळा प्रकार दिसतो. नांदेडच्या एका गोडाऊनवर रात्री ट्रक लागला, त्यात डिझेल इंजिनाचा एक नग होता. ते गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेले होते आणि खाली काहीच नव्हते. हमालांनी ते फाळक्यापर्यंत सरकवत आणले, खाली जुना टायर टाकला आणि इंजिन त्यावर सोडून दिले. टायरवर ते सरळ बसले नाही, ते कलंडले आणि सगळा भार क्रँकच्या पुलीवर आला. वरून पाहता खरचटल्यासारखेही काही दिसत नव्हते. गाडीत बसवून तेल भरल्यावर मात्र चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) कडेला, बोल्टाच्या भोकापासून निघालेल्या केसाएवढ्या तड्यातून थेंब येऊ लागले, आणि इंजिन सुरू केल्यावर पुली डुगडुगताना दिसली. यात हमालांना फारसा दोष देता येत नाही. सव्वाशे-दीडशे किलोचा, धरायला जागा नसलेला, तेलकट गोळा दोन-तीन माणसांनी साडेतीन-चार फुटांवरून हातांनी उतरवायचा म्हटल्यावर दुसरे काय होणार? ज्याने तो नग तसा पाठवला, त्याने खर्च वाचवला नव्हता, तो नुसता पुढच्याच्या माथी मारला होता.

म्हणून सौदा पक्का करतानाच विक्रेत्याशी बांधणीचे बोलणे करून घ्यावे आणि निम्मी रक्कम बांधणीचे फोटो आल्यावरच द्यावी. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातल्यापासून तिथल्या बाजारात चालू स्थितीतील डिझेल इंजिने मोठ्या प्रमाणावर येतात. विक्रेत्यांना बाहेरगावी माल पाठवण्याची सवय असते आणि वेल्डिंगची दुकाने जवळपासच असतात. सांगितले तर ते करून देतात. न सांगितल्यास गोणपाट आणि सुतळी ठरलेलीच आहे.

बांधण्याआधी इंजिन कोरडे करावे. तेल काढून चेंबरखाली भांडे ठेवून रात्रभर निथळू द्यावे, नंतर नवा वॉशर घालून ड्रेन प्लग घट्ट बसवावा. ब्लॉकमधले कूलंट काढावे आणि ईजीआर कूलरमध्ये (धूर थंड करणाऱ्या भागात) साचलेले पाणीही काढावे, कारण ते बहुतेक जण विसरतात आणि तेच वाटेत गळून बाजूच्या मालावर पसरते. शेजारी कापडाची गाठोडी किंवा धान्याची पोती असली, तर त्याची भरपाई आपल्याच मागे लागते. डिझेलच्या नळ्यांमध्ये आणि रेलमध्ये (सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) राहिलेले इंधन निथळून काढावे. पेट्रोल इंजिन असेल तर याबाबतीत अधिक काटेकोर राहावे, कारण पेट्रोलचा वास येणारा नग चांगला ट्रान्सपोर्टवाला घेतच नाही आणि घेऊही नये. तेल काढल्यावर तेल भरण्याच्या झाकणाला ठळक अक्षरांत ‘तेल नाही’ अशी चिठ्ठी तारेने बांधावी. इथे इंजिन उतरवून घेणारा माणूस आणि ते गाडीत बसवणारा माणूस बरेचदा वेगळे असतात, आणि बसवल्यावर उत्साहाच्या भरात कोरडे इंजिन सुरू केल्याने बेअरिंग खरवडून गेल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत.

यापुढचे काम बारीक आहे आणि त्यातच खरी काळजी लागते. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड हजार बारच्या घरात जातो. इंजेक्टरची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की उघड्या नळीतून आत गेलेला धुळीचा एक कण संपूर्ण इंजेक्टर वाया घालवू शकतो. म्हणून उच्च दाबाच्या पंपाची, रेलची आणि इंजेक्टरची सगळी उघडी तोंडे प्लास्टिकच्या टोप्या लावून बंद करावीत. हे काम कापडाच्या बोळ्याने करू नये. कापडाचे तंतू सुटतात, आणि बोळा आतच राहून जाण्याचीही भीती असते. टर्बोच्या दोन्ही बाजू, इनटेक मॅनिफोल्डचे तोंड, एक्झॉस्टचे तोंड आणि पाण्याच्या नळ्यांची तोंडे यांवर जाड प्लास्टिकचे झाकण ठेवून वरून चिकटपट्टी गुंडाळावी. टर्बोच्या तोंडातून एखादा नट आत पडला तर इंजिन सुरू होताक्षणीच त्याची पाती जातात, आणि टर्बोची किंमत इंजिनाच्या सौद्यात मोठा वाटा धरून बसलेली असते.

अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, स्टार्टर यांपैकी जे बाजूला फार बाहेर आलेले असेल ते काढून वेगळ्या खोक्यात द्यायला सांगावे. नग अरुंद होतो आणि ठोकर लागण्याची जागा कमी होते. क्रँक सेन्सर आणि कॅम सेन्सर जागेवर राहू द्यावेत, पण त्यांच्या वायरिंगची तोंडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधावीत. गिअरबॉक्सही घेत असाल तर तो इंजिनापासून सोडवून स्वतंत्र नग करावा. जोडून पाठवल्यास भार एका बाजूला झुकतो, लांबी वाढते आणि उचलताना इंजिन हमखास फिरते. बिल्टी एकच असू द्यावी, फक्त त्यावर ‘२ नग’ असे लिहिलेले असावे.

ईसीयूबद्दल, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाबद्दल, एक वेगळी सूचना आहे. आपल्या गाडीचा आणि येणाऱ्या इंजिनाचा प्रकार नेमका एकच असेल, तर बहुधा आपलाच ईसीयू आणि आपलीच चावी चालते, मात्र बऱ्याच इंजिनांत नव्या इंजेक्टरचे कोड त्यात भरून घ्यावे लागतात. प्रकार वेगळा असेल तर ईसीयू, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि चावी असा संच मागावा. हा संच इंजिनाला बांधून कधीही पाठवू नये, तो कुरिअरने स्वतंत्र मागवावा. इंजेक्टरवरच्या कोडांचे स्पष्ट फोटो आधीच मागवून ठेवले, तर वाटेत आकडे घासले गेले तरी अडत नाही.

आता बांधणीकडे येतो. इंजिनाचा भार चेंबरवर कधीही येऊ नये, मग चेंबर पत्र्याचा असो वा ॲल्युमिनियमचा. इंजिन गाडीत ज्यावर टेकलेले असते, त्या फाउंडेशनच्या ब्रॅकेटांवर आणि मागे गिअरबॉक्स जिथे बोल्टने जोडला जातो त्या तोंडावरच ते उभे राहिले पाहिजे. त्यासाठी दीड इंची ॲंगलची चौकट करून दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटांना बोल्ट मारावेत आणि मागच्या बाजूला जाड पट्टी कापून ती गिअरबॉक्सच्या बोल्टांच्या भोकांत आवळावी. चेंबर आणि खालची पट्टी यांमध्ये किमान दोन बोटे जागा राहावी. चौकटीखाली चार इंच उंचीचे लाकडी ठोकळे द्यावेत. हातपॅलेट ट्रकचे काटे खाली केल्यावर सुमारे ८५ मिलिमीटर उंचीचे असतात, त्यामुळे चार इंचांखाली ते सहज शिरतात, आणि जिथे तशी गाडी नसेल तिथे पहार घालायला जागा मिळते. ठोकळे नसले की नग ओढत नेण्याशिवाय हमालांना पर्याय राहत नाही.

इंजिनाला कंपनीने दिलेले उचलण्याचे हूक असतात, ते काढू नका आणि झाकूही नका. त्यांना लाल रंग द्या म्हणजे चेन कप्पी कुठे अडकवायची ते विचारावे लागत नाही. वरून पट्टे आवळायचे असतील तर ते ब्लॉकवरून जावेत. टॅपेट कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड, ऑइल फिल्टरचे हाउसिंग आणि इंजेक्टरच्या नळ्या यांच्यावरून पट्टा गेला तर आवळतानाच ते तडकतात आणि दोष पुढे वाहतुकीवर येतो. चारही बाजूंना लाकडी फळ्यांची जाळी ठोकली की नगावर दुसरा नग ठेवला जात नाही. पूर्ण बंद पेटीपेक्षा मला फटींची जाळी अधिक पसंत आहे, कारण आत इंजिन आहे हे सगळ्यांना दिसते आणि माणसे त्याला त्याप्रमाणे हाताळतात.

जुन्या टायरवर इंजिन ठेवून पाठवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती सरसकट वाईट नाही. अल्टोच्या ७९६ सीसीसारखे लहान तीन सिलिंडरचे इंजिन छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला किंवा लातूरहून धाराशिवला आणायचे असेल, एकाच गाडीत चढून त्याच गाडीतून उतरणार असेल आणि आपला माणूस सोबत असेल, तर दोन टायर एकमेकांना बांधून त्यांच्या पोकळीत चेंबर राहील असे इंजिन बसवावे. एकच टायर घेतल्यास चेंबर जमिनीला टेकतो. दिल्लीहून येणाऱ्या डिझेल इंजिनासाठी मात्र टायर पुरेसा नाही, कारण पार्ट लोडमध्ये वाटेत एकदा तरी माल पलटी होतो.

पावसाळ्यात इंजिन चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले की ते सुरक्षित झाले असे वाटते, प्रत्यक्षात आतली दमट हवा अडकून रात्री थेंब साचतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल सोडून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा, फ्लायव्हीलला ग्रीसचा पातळ हात द्यावा, वरून आणि बाजूंनी प्लास्टिक घालावे, पण खालची बाजू मोकळी ठेवावी. जून-जुलैत आपल्याकडे येणाऱ्या ट्रकांमध्ये खताची पोती बरीच असतात, आणि फुटलेल्या पोत्यातले खत ओलाव्याबरोबर उघड्या लोखंडाला लागले तर ते फार लवकर खाते. बुकिंगच्या वेळीच हे सांगावे की नग खताशेजारी नको आणि तो केबिनकडच्या बाजूला ठेवावा. मागच्या चाकांच्याही मागे, फाळक्याजवळ, आदळआपट सर्वाधिक असते.

आता भाडे. पार्ट लोडमध्ये भाडे नुसत्या वजनावर ठरत नाही. नगाने अडवलेली जागाही मोजतात आणि दोहोंत जे जास्त भरेल त्यावर आकार लावतात. लांबी, रुंदी आणि उंची इंचांत मोजून गुणाकाराला १,७२८ ने भागले की घनफूट येतात आणि एका घनफुटाला काही किलो धरले जातात. हा आकडा कंपनीगणिक बदलतो, साधारण ६ ते १० असतो, आणि तो विचारल्याशिवाय दराला काहीच अर्थ नसतो. समजा आपली चौकट ३६ इंच लांब, ३० इंच रुंद आणि ३३ इंच उंच झाली. ती २०.६ घनफूट भरते. आठ किलोच्या हिशेबाने १६५ किलो आणि दहाच्या हिशेबाने २०६ किलो वजन धरले जाईल, मग इंजिन खरोखर १४० किलोंचे का असेना. बाहेर आलेले भाग काढून तीच उंची २८ इंचांवर आणली तर नग १७.५ घनफूट भरतो आणि आठच्या हिशेबाने आकारणी बरोबर १४० किलोंवर येते. पाच इंचांनी पंचवीस किलोंचे भाडे वाचले, आणि इंजिन अधिक सुरक्षितही झाले.

दरासोबत बाकीचे आकार लिहून मागावेत. बिल्टीचा आकार, दोन्हीकडची हमाली, मालाच्या किमतीवरचा आकार, डिझेलचा अधिभार, आणि तालुक्याच्या गावी पोचवण्याचा वेगळा आकार हे सगळे मिळून मूळ भाड्याइतके होऊ शकतात. यातला शेवटचा आकार मराठवाड्यात फार जाचतो. लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथे बहुतेकांची गोडाऊन आहेत, पण अहमदपूर, उदगीर, गंगाखेड, वसमत अशा गावांना नेहमीच्या हद्दीबाहेर धरून घसघशीत रक्कम लावली जाते. अहमदपूर लातूर आणि नांदेड यांच्या मधोमध, राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर आहे. गोडाऊन डिलिव्हरी घेऊन छोटा हत्ती किंवा पिकअप करून आणणे स्वस्त पडते, आणि उतरवताना आपला मेकॅनिक तिथे हजर असतो, हे त्याहून मोलाचे. गोडाऊनवर माल तीन-चार दिवसांपेक्षा जास्त पडू देऊ नका, नाहीतर डॅमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) सुरू होते.

ट्रान्सपोर्ट निवडताना दराआधी एकच प्रश्न विचारावा: माल वाटेत कुठे आणि किती वेळा पलटी होतो? दिल्लीहून नागपूर आणि नागपूरहून नांदेड अशी एकच पलटी सांगणारा, चार ठिकाणी माल फिरवणाऱ्या नामांकित कंपनीपेक्षा मला बरा वाटतो, भाडे थोडे जास्त असले तरीही.

ओळखीच्या ट्रकवाल्याचा परतीचा ट्रक हा खरे तर सर्वांत चांगला मार्ग ठरू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनचा हंगाम असतो, लातूरहून डाळीचे ट्रक वर्षभर बाहेर जातात, जालन्याहून सळई जाते, आणि या गाड्यांना परतीचे भाडे हवेच असते. इंजिन एकदा चढले की थेट इथेच उतरते, मध्ये पलटी नाही. पण अट एवढीच की मालकाने रीतसर बिल्टी फाडून द्यावी. बिल्टी नसेल तर माल कोणाच्या ताब्यात दिला होता हे सिद्ध करणेच कठीण होते. निम्म्या भाड्याच्या मोहाने हे सोडू नये.

रेल्वेचा विचार दिल्लीच्या बाबतीत जरूर करावा. सचखंड एक्स्प्रेस दिल्लीहून थेट छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणीमार्गे नांदेडला येते. बुकिंग परभणीचे न करता नांदेडचेच करावे, कारण नांदेडला गाडी संपते आणि उतरवायला वेळ मिळतो. मधल्या स्थानकावर काही मिनिटांच्या थांब्यात एवढा जड नग उतरवताना जी घाई होते ती इंजिनाला मानवत नाही. शंभर किलोंवरच्या नगासाठी पार्सल कार्यालयात आधी चौकशी करून ठेवावी. रेल्वेची एक अट पुष्कळांना ठाऊक नसते. मालाची किंमत जाहीर करून त्यावरचा आकार भरला नसेल, तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे ५० रुपयांपुरतीच राहते. म्हणजे १४० किलोंच्या इंजिनाला ७,००० रुपये. तेव्हा किंमत जाहीर करूनच बुकिंग करावे.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून इंजिन आणण्याचा सल्ला मी देणार नाही. पुण्याहून नांदेडला एखादा सिलिंडर हेड, इंजेक्टरचा संच किंवा ईसीयू रातोरात मागवायला ती सोय उत्तम आहे. पूर्ण इंजिन मात्र प्रवाशांच्या सामानाखाली, तेलाच्या वासासकट, बांधण्याची जागा नसलेल्या डिकीत ठेवणे प्रवाशांसाठीही धोक्याचे आहे. शिवाय बिल्टी नाही, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नाही आणि काही झाले तर ड्रायव्हरच्या फोन नंबरापलीकडे हाती काही नाही.

कागदांच्या बाबतीत एक वाईट प्रथा रूढ आहे. राज्याबाहेरून ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल येत असेल तर ई-वे बिल लागते (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे), आणि ते टाळण्यासाठी विक्रेते साठ हजारांच्या इंजिनावर पंधरा हजारांचे बिल फाडतात. वाटेत तपासणीत कागद अपुरे निघाले तर माल अडकतो आणि कराच्या दुप्पट दंड बसतो, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्याला थेट लागते: बिलावर पंधरा हजार असतील तर भरपाईही त्यापुढे जाणार नाही, आणि विमाही त्याच आकड्याचा उतरेल. म्हणून बिलावर खरी किंमत, डिझेल इंजिनासाठी ८४०८ हा एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा) क्रमांक (पेट्रोल असेल तर ८४०७) आणि इंजिनाचा पूर्ण नंबर असावा. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे दिल्लीहून सुमारे दीड हजार किलोमीटरला आठ दिवस. ट्रक रखडला तर मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते, आणि याची ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून आठवण द्यावी लागते.

भरपाईचा नियम नीट समजून घ्यावा. रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालील २०११ चे नियम यांनुसार, आपण जास्त जोखमीचा दर कबूल केला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. भाडे २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त २०,००० रुपये. बिल्टीवर कोपऱ्यात छापलेले ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालाच्या मालकाची) हे शब्द बहुतेक जण न वाचताच सही करतात. एकतर कॅरियर्स रिस्कचा (जोखीम वाहतूकदाराची, असा) जास्तीचा दर भरावा किंवा एका फेरीपुरता प्रवास विमा घ्यावा. विमा घेताना कलम कोणते हे विचारावे. ‘ए’ मध्ये सर्वसाधारण सर्व जोखमी येतात, ‘बी’ मध्ये टक्कर, ट्रक उलटणे अशा ठरावीक घटना, आणि ‘सी’ मध्ये जवळपास केवळ आग आणि वीज. उतरवताना इंजिन पडले, हा प्रकार ‘ए’ शिवाय मिळणे कठीण. जुन्या मालाला ‘ए’ देताना कंपनी आधीच्या स्थितीचा पुरावा मागते, म्हणून इंजिन चालू असतानाचा व्हिडिओ, नंबरचा फोटो आणि बांधणीनंतर सहाही बाजूंचे फोटो तारखेसह जपून ठेवावेत.

नांदेडला माल उतरताना सही करण्याआधी चौकटीच्या कडा, ठोकळे, पट्टे आणि खाली तेल गळाल्याचा डाग पाहावा. उघडून पाहू देत नसतील तर भांडण्यात वेळ घालवू नये, डिलिव्हरीच्या कागदावर ‘चौकटीचा डावा कोपरा तुटलेला, आतील तपासणी बाकी’ असे जे दिसते ते लिहून मग सही करावी. घरी आल्यावर त्याच दिवशी, व्हिडिओ चालू ठेवून इंजिन सोडवावे. क्रँकच्या पुलीचा बोल्ट पाना लावून दोन पूर्ण फेरे फिरवावा. एका जागी अडकत असेल तर पुढे जोर लावू नये. तारेचे टोक पुलीच्या कडेला धरून ती डुगडुगते का ते पाहावे, चेंबरच्या कडा आणि फिल्टरचे हाउसिंग पुसून बॅटरीच्या उजेडात तपासावे, आणि नंबर फोटोशी जुळवावा. नुकसान निघाले तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे, ती नोंदणीकृत टपालाने पाठवावी. फोनवरचे आश्वासन नोटीस ठरत नाही. विमा कंपनीला मात्र त्याच दिवशी कळवावे.

इंजिन बसवून गाडी सुरू झाली की बिल बाजूला ठेवून देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत आरटीओकडे देऊन नोंदणी प्रमाणपत्रावर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी हेच बिल आणि ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या आरसीची प्रत लागते, म्हणून ती प्रत पैसे पूर्ण देण्याआधीच दिल्लीच्या विक्रेत्याकडून मागून घ्यावी.